ताईंना मी वाळलेली दिसले

रविवार, १२ फेब्रुवारी २००६. हेंद्रेपाडा

आज नणंदेच्या सोनिवलीतल्या नव्या घरी गेलो. चौथा मजला, लिफ्ट अजून चालू नाही. मी न थांबता चढले! आमचे हेच मागे राहिले.

दारातच ताई ओरडल्या, "अगं वंदना, किती वाळलीस! गाल कुठे गेले तुझे?"

गेल्या वर्षी ह्याच ताई सगळ्यांना सांगत होत्या, वंदनाची तब्येत काय सुधारलीय! तेव्हा मी कॅम्प दोनच्या बाजारातल्या पुडीवाल्याच्या दम्याच्या पुड्या खात होते. दम लागायचा थांबला, गाल भोपळ्यासारखे फुगले, आणि मीही खूश. मूर्ख कुठली! पुडीत स्टेरॉइड असणार, हे डॉक्टरांनी माझा चेहरा बघूनच ओळखलं. एकदम बंद नाही केलं. गोळ्या देऊन हळूहळू कमी केलं आणि पंप दिला. त्यातही स्टेरॉइडच, पण अगदी थोडं, थेट छातीत.

सासूबाई म्हणतात, पंपाची सवय लागते. लागू दे. श्वास घ्यायचीही लागलीच आहे ना?

आत्ता आरशात पाहिलं. गाल गेले, लग्नातल्या फोटोतली हनुवटी परत आली.

ताईंनी काळजीने दोन लाडू जास्त वाढले. दोन्ही खाल्ले आणि म्हटलं, "ताई, परत एकदा म्हणा ना, वाळलीस."