पुसदच्या कॉन्सलचे अंगरक्षक

३ जून
आजपासून रोजनिशी. मराठीत लिहिणार, कारण उर्दूत लिहिली की माझी बायको नुजहत वाचते. ती मराठीही वाचते, पण माझं अक्षर तिला लागत नाही.

मुख्य मुद्दा. माझ्या रोमच्या गेममध्ये सेनापतीभोवती चिलखती घोडेस्वार असतात. ते संपतच नाहीत. या लढाईत अर्धे कापले गेले तरी पुढच्या लढाईला पुन्हा पूर्ण हजर. हा इतिहासाचा अपमान आहे. खरा रोमन सेनापती, म्हणजे कॉन्सल, बहुतेक मागं उभा राहून हुकूम द्यायचा. सोबत निवडक माणसं, काही तर नुसती ओळखीपाळखीची. गेमची फाईल उघडून मी हे सुधारणार. कूलर दुरुस्तीचं दुकान सांभाळून.

५ जून
सुधारणा सुरू. दुकान उद्यापासून सांभाळेन.

हरिसिंग कूलरची मोटर न्यायला आला होता. त्याला अंगरक्षकांचा प्रश्न नीट समजावून सांगितला. तो म्हणाला, घरी बुढी उकाड्यानं तळमळून राह्यली. इतिहासाची आवड कमी झाली आहे लोकांत.

८ जून
फाईल तयार! अंगरक्षक मोजके. मेला तो मेला. रजतच्या गेमिंग कॅफेत रविवारी स्पर्धा आहे. ती माझ्याच फाईलवर खेळवायची असं त्याच्याकडून कबूल करून घेतलं. समोसे माझ्याकडून. दोन वर्षं मीच जिंकतोय. आता न्यायानं जिंकेन.

१० जून
भाईजानची, म्हणजे माझ्या थोरल्या भावाची, मुलगी मुस्कान आली होती. बारावी झाली. तिला इतिहास घेऊन नागपूरला शिकायचंय, भाईजान म्हणतात पुसदलाच शिक. चाचा, तुम्ही अब्बूशी बोला, म्हणाली.

भाईजानसमोर माझा आवाज बसतो. तब्येतीचा भाग आहे. मी म्हटलं, रविवारी मले हरव, मग बोलतो. लगेच हो म्हणाली. बिचारी.

११ जून
मुस्कानला सरावासाठी फाईल दिली. सोबत अंगरक्षकांवरचं माझं टिपण. दिलदार माणसाला असं वागावं लागतं. नुजहत म्हणते, पोरीसाठी सरळ बोलायले काय होते तुम्हाले? तिला डावपेच कळत नाहीत.

मी सराव करणार नाही. नियम मीच केलेत.

१४ जून, रविवार
फायनल. मी आणि मुस्कान.

सुरुवातीलाच सेनापतीला घेऊन तिच्या भालेवाल्यांत घुसलो. दोन वर्षं असाच जिंकत आलो, हाताला सवय. अंगरक्षक मेले. सेनापती मेला. उरलेलं सैन्य न विचारता पळालं. अजून चहासुद्धा आला नव्हता. मुस्कानचा सेनापती शेवटपर्यंत मागच्या टेकडीवर उभा होता.

रजत म्हणाला, तारिकभाई, फाईल एकदम मस्त बनवली तुम्ही.

बाहेर मुस्काननं माझं टिपण परत दिलं. "चाचा, मी दोनदा वाचलं. तुम्ही वाचलं होतं का?"

मग विचारलं, आज बोलता ना अब्बूशी? म्हटलं, उद्या. आज माउसचा प्रॉब्लेम झाला होता त्याचा तपास करायचाय.

१५ जून
भाईजान जेवत होते. जेवताना बोलू नये.

१६ जून
भाईजान रागात वाटले. गौहरभाभी म्हणाल्या, त्यांचा चेहराच तसा आहे. तरी रिस्क नको.

मुस्कान दारात दिसली. नुसता सलाम केला. ते जास्त लागलं.

१८ जून
गेलो. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरलो. आवाज बसला, तरी बोललो. "भाईजान, घरात इतिहास मलेच समजते असं वाटे. तिले माह्यापेक्षा जास्त समजते. पोरीले अडवू नका." डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगतो. पंख्याची धूळ असावी.

भाईजाननी शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाले, हे तर जुम्म्यालेच ठरलं. तुझ्या नुजहतनं येऊन बोलणं केलं, मी हो म्हटलं, पोरीनं पेढे वाटले.

जुम्मा म्हणजे शुक्रवार, स्पर्धेच्या दोन दिवस आधी.

मी विचारलं, मग ती रविवारी खेळली काहून?

"तुले हरवाले."

अॅडमिशन झाली की तिची गादी नागपूरच्या बसवर चढवायचं काम माझ्याकडे दिलंय. जबाबदारीचं काम आहे. नियोजन उद्यापासून.