चौथ्या दगडाखालचा कोळसा

नाना,

काल ऑफिसातल्या एका नव्या मुलीनं मला मोबाइलवर आपलं पिंप्राळ्याचं घर दाखवलं. वरून, आभाळातून पाहावं तसं. गच्चीवरची टाकी, मागचा शेवगा, शेजाऱ्यांनी आपल्या बाजूला हातभर सरकवलेली भिंतसुद्धा दिसत होती. ती भिंत पाहून तुम्ही किती खूश झाला असतात, कारण तुम्ही ते आयुष्यभर म्हणत होतात आणि आईला ते कधी पटलं नाही. मग त्या मुलीनं विचारलं, "मॅडम, तुमच्या वेळी हे सगळं कसं करायचे हो?" मी म्हणाले, "चपला काढून." ती हसली. तिला वाटलं, मी गंमत करते आहे. मी मात्र घरी आले, जेवले, भांडी आवरली आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्हाला जाऊन पाव शतक झालं, आणि चपलांची गोष्ट मी अजून कोणालाच सांगितलेली नाही.

आधी आपलं स्वयंपाकघर आठवतं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. तुम्ही मोजणीच्या ऑफिसात साखळीवाले. म्हणजे मोजणीदार साहेब सावलीत टेबल मांडून उभे राहणार आणि ती तेहतीस फुटांची लोखंडी साखळी घेऊन काट्याकुट्यांतून, नाल्यातून, उभ्या तुरीतून सरळ रेषेत जाणार तुम्ही. पण तुमचा हात स्वच्छ म्हणून ऑफिसातले फाटके गावनकाशे दुरुस्तीला तुमच्याकडेच यायचे. रविवारी आईचं आवरलं की स्वयंपाकघरातली फरशी तुमची. तुम्ही मैद्याची खळ शिजवता, किडीसाठी त्यात चिमूटभर मोरचूद टाकता, आणि मांजरपाटाचं कापड नकाशाच्या पाठीला हळूहळू चिकटवत नेता. एका कोपऱ्यावर वरवंटा, एकावर डाळीचा डबा, उरलेल्या दोन कोपऱ्यांवर माझे दोन पाय. "पोळ्यांना मैदा लागत नाही म्हणून बरं, नाहीतर या घरात नकाशे जेवले असते आणि आपण उपाशी," असं आई म्हणायची, आणि तुम्ही मान वर न करता हसायचात.

अशाच एका रविवारी तुम्ही मला एका गावाचा नकाशा पातळ कागदावर उतरवायला दिला होता. शाळेच्या पेन्सिलीनं मी मोठ्या झोकात रेघा मारल्या आणि शाबासकीची वाट बघत बसले. तुम्ही कागद उजेडाला धरलात. "हा नकाशा इंचाला वीस साखळ्यांचा आहे. तुझी ही रेघ किती जाड आहे, बघ. तिच्यात अर्धी साखळी रान गेलं. कोणाचं गेलं, सांग." मी रडायला लागले. तुम्ही समजूत काढली नाहीत. पेन्सिल घेतलीत, ब्लेडनं तासलीत, टोक खरकागदावर घासून सुईसारखं केलंत आणि परत माझ्या हातात दिलीत. तेव्हा मला तुमचा राग आला होता. आज मी नव्या मुलांना पहिल्या दिवशी तोच प्रश्न विचारते, कोणाचं गेलं, सांग, आणि त्यांनाही माझा राग येतो.

त्याच वर्षी तुम्ही मला सायकलवर पुढे बसवून मेहरूणच्या तलावापलीकडे नेलं होतं. बराच वेळ शेतांतून चालल्यावर एका बांधाच्या टोकाला शेंदूर लावलेला दगड दिसला. मला वाटलं, देव. मी हात जोडले. तुम्ही म्हणालात, "जोड, जोड, देवापेक्षा खरा आहे." तिथे तीन गावांच्या शिवा एकत्र येत होत्या. तुम्ही सांगितलंत, की रस्ता सरकतो, नाला सरकतो, देऊळसुद्धा सरकतं, पण हा दगड सरकत नाही. का, तर तो हलवायला तीन गावांचं एकमत लागतं, आणि तीन गावांचं एकमत आजवर कशावर झालं आहे? वर तुम्ही आजूबाजूला बघून हळूच म्हणालात, "आणि समज, हलवलाच कोणी, तर खाली कोळसा पुरलेला असतो. दगड चोरता येतो. कोळसा कोण चोरणार? तो मातीत कुजत नाही." चौथीपर्यंत शिकलेल्या माणसाकडे हे सगळं कुठून आलं होतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. मुलींना वाटतं, वडिलांना सगळं येतच असतं.

नव्वदीच्या दशकात मी डिप्लोमा करून धुळ्याला नोकरीला लागले. निघताना तुम्ही नकाशावरचं अंतर साखळ्यांत मोजायची तुमची पितळी पट्टी माझ्या पिशवीत घातलीत. ऑफिसात नवा संगणक आला होता, आणि नकाशे त्याच्यात चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण बाकी सगळे त्याला हात लावायला घाबरत होते. त्याची खोली थंड केलेली, दाराला पडदा, बाहेर पाटी : पादत्राणे बाहेर काढावीत. आमचे साहेबसुद्धा तिथे मोज्यांवर फिरायचे. सोबतीला एक जाडजूड इंग्रजी पुस्तक. डिक्शनरी मांडीवर घेऊन मी रोज दोन-तीन पानं वाचायची आणि करून बघायची. एक बटण चुकलं की दिवसभराच्या रेघा गडप. वीज गेली तरी तेच. पण यंत्र नंतरची गोष्ट, आधी त्याला घालायला नकाशे तर हवेत! दोन महिने मी फक्त नकाशे शोधत हिंडले. कुठे कपाटाची किल्ली रजेवर, कुठे गावाचा अर्धाच नकाशा, कुठे वाळवीनं ओढा आधीच आटवलेला. एका ठिकाणी मात्र गठ्ठ्यातून एक नकाशा निघाला आणि त्याच्या पाठीला मांजरपाट होतं. मी तो नाकाशी नेला. इतक्या वर्षांनी खळीचा वास कसला येणार, पण मला आला.

पहिलं खरं काम साक्रीच्या बाजूच्या एका गावचं. तिथे पाझर तलाव व्हायचा होता. एक नकाशा नवा, तलावाच्या मोजणीचा, जमिनीच्या उंचसखलपणाचा. दुसरा जुना, शेतांच्या हद्दींचा. खिडकीच्या काचेवर दोन कागद एकावर एक धरावेत, तसे ते यंत्रात बरोबर बसवायचे, म्हणजे कोणाचं रान पाण्याखाली जाणार ते कळतं. त्यासाठी दोन्हींवर असलेल्या सारख्या जागा दाखवाव्या लागतात. मी तीन दाखवल्या : मारुतीचं देऊळ, रस्त्याचा फाटा आणि जुनी बारव. यंत्रानं उत्तर दिलं, चूक शून्य. मी हुरळून गेले. शून्य! साहेबांनीही पाठ थोपटली. बुडणाऱ्या शेतांची यादी काढली आणि वर पाठवण्याआधी गावात वाचून दाखवायला मीच गेले.

यादीतल्या पाचव्या-सहाव्या शेताला एक अक्का उठून उभी राहिली. पन्नाशीची, हातात खुरपं तसंच. "पोरी, मन्ही विहीर पाण्यामा कशी जाई? ती उंचवर शे. पाणी काय चढ चढस का?" मी म्हणाले, "अक्का, संगणकानं काढलं आहे, त्यात चूक शून्य आहे." अक्कानं माझ्या हातातल्या कागदाकडे असं पाहिलं, की मला तो पदराखाली लपवावासा वाटला. "तुना कागद आठे कधी येल शे का?" कागद इथे कधी आलाय का, या प्रश्नावर लोक हसले. पण अक्का हसली नाही. त्या विहिरीवर तिच्या घराचं सगळं होतं, आणि पुढच्या सोमवारी यादी जाणार होती. एकदा गेली की ती परत आणणं माझ्या हातात नव्हतं.

रविवारी मी एसटीनं जळगावला, घरी आले. तुम्ही निवृत्त झाला होतात, छातीत कफ घेऊन खाटेवर बसलेले. मी नकाशा पसरला, तुम्ही चष्मा लावलात. कुठल्या जागा धरल्या, विचारलंत. मी देऊळ म्हटल्यावर नुसतं "हं" केलंत. फाटा म्हटल्यावर चष्मा काढलात. "मारुती आता डांबरी रस्त्यावर आला असेल. देणगीदारांना उतरायला बरं. जुना कुठे होता, विचारलंस? आणि हा फाटा बैलगाडीचा, तुझा फाटा ट्रकचा. दोघांची ओळखसुद्धा नसेल." मी म्हणाले, "पण यंत्र शून्य दाखवतं, नाना." मग, एखादी गोष्ट मनापासून पटवायची असली की यायची तशी, तुमची खान्देशी आली. "तीन ते कसाबी बसतस, बेटा. चौथा काय सांगस ते देख."

नाना, ते इंग्रजी पुस्तकात पुढे लिहिलेलंच होतं. तीनच जागा दिल्या तर तपासायला काही उरत नाही, यंत्र नकाशा ओढूनताणून बसवतं आणि शून्य दाखवतं. म्हणून चौथी द्यावी. मी त्या पानापर्यंत पोचलेच नव्हते. तुम्ही यंत्र पाहिलंही नव्हतं आणि त्याच्या पलीकडे जाऊन बसला होतात. मला तुमचा इतका अभिमान वाटला, की बसमध्ये मला रडू आलं.

सोमवारी मी साहेबांकडून चार दिवस मागून घेतले आणि मोजणीची माणसं घेऊन शिवेवर गेले. तीन कोपऱ्यांवरचे तीन दगड सापडले, शेंदरासकट. तलावाच्या रेषेपासून त्यांच्या जागा मोजून घेतल्या. चौथा अक्काच्या रानाच्या बाजूला असायला हवा होता. तिथे नुसती बाभूळ. तीन वेळा फिरलो. शेवटी अक्कालाच विचारलं. ती पहिल्यांदाच माझ्या नजरेला नजर देईना. "तो दगड का? तो ते मन्हा सासरानी विहीरवर आणेल शे. धुणं धुवाले. बठ्ठी वाडी त्यावरच धुणं धोवस." तुम्ही तीन गावांच्या एकमताचं सांगितलं होतं, नाना, पण एका माणसाच्या धुण्याचं सांगितलं नव्हतं! विहीर वाचवणारा दगड विहिरीवरच साबणानं गुळगुळीत होऊन पडला होता, आणि त्याची मूळची जागा कोणालाच नक्की माहीत नव्हती.

मी पितळी पट्टीनं जुन्या नकाशावरून शेजारच्या दगडापासूनचं अंतर काढलं आणि बाभळीच्या अलीकडे खणायला सांगितलं. अक्काच्या नवऱ्यानं कुदळ घेतली. एक हात, काही नाही. मी थोडं डावीकडे सरकवलं. पुन्हा काही नाही. माणसं कंटाळली, बिड्या काढल्या. मग अक्का स्वतः खाली बसली आणि खुरप्यानं माती उकरायला लागली, आणि थोड्या वेळानं तिनं काहीतरी उचलून माझ्या तळहातावर ठेवलं. कोळसा. मी तो बोटांवर उगाळून पाहिला. अगदी काळा, कोरडा, कालच पुरल्यासारखा.

चार दगडांवर नकाशा बसवला तेव्हा यंत्रानं शून्य दाखवलं नाही, थोडी चूक दाखवली, आणि त्या चुकीवर माझा विश्वास बसला. सगळं गाव नऊ साखळ्या सरकलं. अक्काची विहीर पाण्याच्या बरीच वर, कोरड्यात. साहेबांनी विचारलं, "ही कोळशाची युक्ती कुठे शिकलात?" मी म्हणाले, "वडील मोजणी खात्यात होते." ते म्हणाले, "अधिकारी होते का?" आणि मी मान हलवली, होय अशी.

त्यानंतर महिन्याभरानं तुम्ही आलात. कळवलं नव्हतंत. इस्त्रीचं धोतर, टोपी, हातात आईनं बांधून दिलेली कळण्याची भाकरी. खोलीत साहेब बसले होते, नाशिकहून आलेले दोन पाहुणे होते. पडद्याच्या फटीतून मला तुम्ही दिसलात. तुम्ही पाटी वाचलीत, ओठ हलवत, एकेक अक्षर. चपला काढल्यात, भिंतीशी जोडीनं लावल्यात, आणि तळपाय धोतराच्या सोग्यानं पुसलेत. मी घाईनं बाहेर आले. "आत परवानगी नाही, नाना." तुम्ही लगेच म्हणालात, "बरोबर आहे. महागाचं यंत्र. असंच पाहिजे." आणि पुन्हा चपला घातल्यात. मी नकाशाचा कागद व्हरांड्यात आणला. तुम्ही तो उजेडाला धरलात, अक्काच्या बांधावरून नख फिरवलंत, आणि म्हणालात, "रेघ बारीक शे, बेटा." मग भाकरी माझ्या हातात देऊन स्टँडकडे चालत गेलात. त्याच हिवाळ्यात तुम्ही कायमचे गेलात.

हे पाठवायला पत्ता नाही. पितळी पट्टीखाली घडी करून ठेवते आहे. तुम्हाला एवढंच सांगायचं होतं.

आत परवानगी होती, नाना. चपला काढल्या की कोणालाही होती.