टिंब आलं की शीळ

मिरज, गुरुवार संध्याकाळ

मुक्ता यंदा मेंढरांमागे जाणार नाही. माणमधल्या तिच्या शाळेतल्या बाईंनी आत्ताच फोनवर पक्कं सांगितलं. मी लिहिलेले इंग्रजीचे धडे छापण्याआधी बाई वर्गात वाचून घेतात. चौथीतली ही पोर सगळी वाक्यं एका दमात वाचायची. पूर्णविराम सांगून बाई थकल्या. शेवटी म्हणाल्या, कळप थांबवतेस तशी थांब. तेव्हापासून टिंब आलं की ती शीळ घालते. स्वल्पविरामाला नुसतं च्यक्.

दिवाळीनंतर सगळं घर कळपाबरोबर बाहेर पडतं, म्हणून काल बाप न्यायला आला. वर्गाच्या दारातच उभा राहून तिचं वाचन ऐकत राहिला.

"आवं बाई, वाचाय शिकिवताय का मेंढरं हाकाय?"

"दोन्ही जमतंय तिला. ऱ्हाऊ द्या की हितं."

"माझ्यापरास बरी हाकती," म्हणाला, आणि तिला गावातच राहणाऱ्या आत्याकडे ठेवायला कबूल झाला.

ही शीळ धड्यात घालावी का? सांगलीतल्या शहरी मुलांना काय कळणार... कळेलही. मजकूर उद्या द्यायचाय. घालतोच.

सोमवारी कळप निघेल. मुक्ता आत्याच्या दारात उभी राहील. रडेल, असा बाईंचा अंदाज आहे. म्हणून तिचं वाचन त्यांनी लगेच मंगळवारी ठेवलंय.