अडलं की हाक कुणाला?

ती. आईस,
साष्टांग नमस्कार, आणि एक गोड पापा.

आज मी जाम खूश आहे! कारखाना बंद पडून काम गेलेल्यांना नवं काम शोधून देणं, ही माझी नोकरी. आज पॅकिंगवाल्या एक मावशी आल्या. अर्जात 'काय येतं?' हा रकाना कोराच. म्हणाल्या, "मला मेलीला काय येतंय?" अगदी तुझंच वाक्य!

मी विचारलं, "कारखान्यात अडलं की हाक कुणाला मारायचे?"

"मलाच की! मशीनच्या आवाजावरून बिघाड सांगायचे मी." बोलल्या आणि स्वतःच चकित झाल्या. मग रकानाच पुरेना!

जेवण वेळेवर होतं, बहुतेक दिवशी. बाबांचा गुडघा कसा आहे?

आता तू सांग, घरात अडलं की हाक कुणाला? इथे माझं अडतं, तेव्हा मीही मनातल्या मनात तुलाच हाक मारते.

तुझी,
धाकटी