माझी नळी आणि भागवतचा गुडघा

वापी

ती. स्व. अश्विनीआक्कास, धाकट्या कानिफनाथचा दंडवत (डावा पाय सोडून, तो टेकवत न्हाई). दाजींची ॲसिडिटी कशी हाय? फोन करत न्हाई, कारण तुझा फोन कायम स्पीकरवर, आन तुझी सासू मधीच "कोण मेलं?" विचारते.

गोडाऊनच्या शिडीवरून पडलो, डाव्या पायाच्या नळीचं हाड मोडलं, सळई घातली, हे तुला ठाऊक हाय. पाच महिने झाले, हाड जुळंना. डॉक्टर म्हणले, सळई नुसती धरून ठेवते, वाढायचं काम हाडाचं. (माझं हाड आपल्या खानदानात सगळ्यात आळशी, दाजींच्या खालोखाल.) मग त्यांनी हाडाला जागं करायचं मशीन दिलं. पट्टा नळीवर बांधायचा आन रोज वीस मिनिटं गप बसायचं. ना मुंग्या, ना चटका, नुसता बारका दिवा लागतो. मला वाटलं कामच करत न्हाई, म्हणून पारखायला खोलीतल्या भागवतच्या गुडघ्याला बांधलं. ते बेनं म्हणालं, "लई हलकं वाटतंय रं!" झालं. दुसऱ्या दिवशी त्याची कंबर, मग वरच्या आचाऱ्याची मान, मग सगळी चाळ चपला काढून रांगेत. (एकानं नारळ आणला. आमी चटणी केली.)

काल तपासणी हुती. मशीन रोजचा वापर आपोआप नोंदतं, हे मला कुनी सांगितलं हुतं? डॉक्टरांनी बघितलं तर रोज साडेतीन तास! बाहेरचे पेशंट आत बोलावून म्हणले, "असा पेशंट पाहिजे." मी मान खाली घातली, त्यांना ती नम्रता वाटली. मग एक्स-रे लावला आन म्हणले, एवढं करूनही हाड धरत न्हाई म्हंजे आता कमरेचं थोडं हाड काढून नळीत भरायचं. पाच तारखेला परत ऑपरेशन. पुढं पाय कसा चालंल, त्यांनाही सांगता येत न्हाई.

पाथर्डीला आईला यातलं काही कळवू नको.

तुझा
कानिफ

ता. क. : खरं तुलाच सांगतो. माझ्या पायाला ते मशीन चार-पाचदाच लागलं. मला एका जागी बसवत न्हाई. तू मला शाळेत सोडून घरी पोचायच्या आत मी घरी असायचो, आठवतं ना? डॉक्टरांनी एवढं कौतुक केलंय, माझ्या तोंडून निघत न्हाई. पाच तारखेच्या आत ये, आन त्यांना तूच सांग.

आनखी एक : ही चिठ्ठी मशीन बांधूनच लिहिली. जन्मात पहिल्यांदा पुरी वीस मिनिटं हाललो न्हाई. आत्ता बघितलं तर दिवाच लागलेला न्हाई. बॅटरी भागवतच्या कमरेवरच संपलीय.