बहात्तर अंशांची सरळ रेघ

३ मार्च, सोमवार. सकाळी ८.१०
गोंदाच्या टाकीचा कंट्रोलर आजपासून माझ्याकडे. टाकी बहात्तर अंशांवर राहायला हवी. हा डबा वाफेचा व्हॉल्व्ह कमीजास्त करून ती तशी ठेवतो. ठेवत नाही, म्हणून माझ्याकडे आला. साहेब म्हणाले, शुक्रवारी तापमानाचा आलेख सरळ दिसला तर पर्मनंट, नाहीतर प्रोबेशन वाढेल. बुधवारी काम संपवायचं, गुरुवारी रिपोर्ट.

संध्याकाळी ५.००
जुळवायचे आकडे तीनच. पहिला: चूक दिसली की किती जोरात धावायचं. दुसरा: जुनी चूक किती मनात ठेवायची. तिसरा: पुढच्या चुकीची धास्ती किती आधी घ्यायची. तिन्ही कामं मी लहानपणापासून करते. बाबा बॉयलरवर होते. दूध उतू न जाऊ देणं हा आमच्या घरातला पहिला धडा. मला त्यात पैकीच्या पैकी.

४ मार्च, मंगळवार
पहिला आकडा दुप्पट केला. टाकी नव्वदवर, मग साठवर, पुन्हा नव्वदवर. ऑपरेटर काका म्हणाले, मॅडम, टाकीला पाळण्यात घातलंत की काय? मी हसले नाही. टाकी माझं ऐकते आहे, हे यातून सिद्ध होतं.
बाबांना फोन. म्हणाले, एका वेळी एकच आकडा बदल, आणि आधी ऑपरेटरला विचार. बाबा जुन्या पिढीचे आहेत.

५ मार्च, बुधवार. ११.००
तिन्ही आकडे एकदम बदलले. वहीत ‘अपवाद’ लिहून सही केली.

११.२०
गोंद उतू गेला. काकांचे बूट जमिनीला चिकटले. ते बुटांतून बाहेर पडून मोज्यांवर कँटीनला गेले. जाताना म्हणाले, तुमचं शिक्षण होईस्तोवर माझे पाय शाबूत राहू देत. मी तीनदा माफी मागितली. एकदा बुटांचीही.

६ मार्च, गुरुवार
दुसरा आकडा किंचित कमी केला, आणि सरळ रेघ! दहाला बहात्तर. बाराला बहात्तर. तीनला बहात्तर. काका व्हॉल्व्हपाशी स्टूल टाकून बसलेत, बहुधा कौतुकाने. ते जेवायला गेले तेव्हा रेघ जराशी वाकली, परतले तेव्हा सरळ झाली. योगायोग म्हणून नोंद केली.
त्यांना विचारायचं राहूनच गेलं. आता विचारण्यासारखं उरलंय काय?

७ मार्च, शुक्रवार. १०.३२
नऊ पानी रिपोर्ट दिला. साहेब आलेख बघून ‘वा’ म्हणाले.

११.१५
साहेबांना टाकी जवळून बघायची होती, म्हणून काकांना बाजूला व्हायला सांगितलं. काका म्हणाले, मी उठलो की टाकीही उठेल, सांगून ठेवतो. साहेब म्हणाले, म्हणजे? काका म्हणाले, बुधवारी दुपारीच डबा मॅन्युअलवर टाकलाय, व्हॉल्व्ह मी हाताने फिरवतोय. मॅडम बटणं दाबत होत्या, मी दाबू दिली.
म्हणजे काल माझे आकडे टाकीपर्यंत पोचतच नव्हते.
साहेबांनी विचारलं, मग ही रेघ कुणाची? खोटं बोलता आलं नाही. काकांची, मी म्हणाले. रिपोर्टच्या नऊही पानांवर माझं नाव खोडून त्यांचं लिहून दिलं.

४.००
प्रोबेशन तीन महिने वाढलं. तोवर काम एकच: काका चहाला गेले की स्टुलावर बसून व्हॉल्व्ह सांभाळायचा. आज दहा मिनिटं सांभाळला. टाकी ऐंशीवर गेली.
सोमवारपासून चहा इथेच पाठवा, असं काकांनी कँटीनला कळवलंय.