पिण्यास योग्य

३ जुलै २०१२

नळ आला! दीड वर्ष नुसती टाकी उभी होती, कावळ्यांच्या बैठकीसाठी. आज तिच्यात बोअरचं पाणी चढलं. सरपंच केशोरावांनी नारळ फोडला, फोटो काढले. पाण्याने भरलेला पहिला गुंड त्यांच्या घरी गेला, दुसरा माझ्या अंगणवाडीत. साडेदहाला डाळ टाकली. एक वाजला तरी डाळ जशीच्या तशी! मुलं डाळीकडे बघतात, मी घड्याळाकडे. खिचडी करणारी वच्छला म्हणाली, “बाई, सोडा टाकू का?” टाकला. मग आणखी टाकला. शेवटी खिचडी झाली, पण चंचल नावाची तीन वर्षांची पोर पहिलाच घास थुंकून उठून गेली. गावातली पहिली खरी पाणी-तपासणी तिनेच केली.

८ जुलै

साबणाला फेस नाही. गुंडाला आतून पांढरं अस्तर. केसांचा सुंभ. विकास झाला!

१९ जुलै

पुन्हा जुनंच सुरू. माझी रविता पहाटे पाचला उठून आमच्या धानाच्या बांधीतल्या विहिरीवर जाते. दीड किलोमीटर जाणं, दीड येणं, दोन खेपा. त्या विहिरीचं पाणी गोड, डाळ वीस मिनिटांत मऊ. पण पोरगी दहावीला आहे, शाळेत सातला गणिताचे जादा तास असतात. मी जाते म्हटलं तर म्हणते, “आई, तुझी कंबर आधीच गेली.” आणि हे? यांचं ठरलेलं उत्तर — “पाणी भरणं माणसाचं काम होय का?” पिणं मात्र माणसाचं काम आहे वाटतं.

६ ऑगस्ट

पर्यवेक्षिका मॅडमचा मेमो — ‘खिचडीतील डाळ कच्ची आढळली. सेविकेने खुलासा करावा.’ खुलासा केला : पाणी जड आहे. मॅडमनी वाचला, फाइलला लावला आणि म्हणाल्या, “डाळ भिजवत जा.” वीस वर्षं नोकरी करून हे मला सुचलंच नव्हतं!

१४ ऑगस्ट

केशोरावांकडे गेले. माणूस वाईट नाही, फक्त उठायचा कंटाळा. म्हणाले, “रिपोर्ट ‘अयोग्य’ आला पाहिजे बाई. मंग मोठ्या तलावावरून पाइप येते. तालुक्याची यादी मार्चमध्ये बंद होऊन राहिली.” म्हणजे एक कागद हवा. त्यावर एक शब्द. त्या एका शब्दावर माझ्या पोरीच्या दोन खेपा अडकल्यात.

२ सप्टेंबर

आज नळाच्या पाण्याचा नमुना गोंदियाच्या प्रयोगशाळेत गेला. नेणारा आपला बकाराम — टाकी तोच भरतो, ब्लिचिंग तोच टाकतो, शिव्याही तोच खातो. पंचायतीत काम करणारा एवढा एकच. बस पकडायच्या आधी नेहमीसारखा दारात आला. “बाई, माठातलं पाणी द्या जी, गोंदियाले जाऊन राहिलो.” दोन पेले प्यायला, सोबतचा डबाही भरून घेतला. घेऊ दे. कोहमाऱ्याला बस बदलताना तासभर उन्हात उभं राहावं लागतं. त्याला म्हटलं, लवकर घेऊन ये रे बाबा रिपोर्ट.

२८ सप्टेंबर

रिपोर्ट आला. कठीणता — मर्यादेत. क्षार — मर्यादेत. खाली शिक्का : ‘पिण्यास योग्य’.

वा! आमच्या गुंडातला चुना खरवडला तर एक भिंत रंगवून होईल, आणि साहेबांना तो दिसत नाही. चष्म्याचा नंबर वाढला असेल. नाहीतर त्यांच्या घरी डाळ शिजवायला नोकर असेल.

१५ ऑक्टोबर

पंचायतीत भांडून आले. पुन्हा नमुना पाठवायचं ठरलं. बकाराम खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, “मी त् चांगल्यात चांगलं काम करतो जी.” अरे, तुला कोण बोलतंय! मी त्या पांढऱ्या कोटवाल्यांना बोलते.

३ नोव्हेंबर

धानकापणी. गावात माणूस नाही. बकाराम मात्र नेमाने निघाला. माठ रिकामा होता, रविता नुकतीच गुंड घेऊन आली होती. त्यातलं ताजं, गाळून दिलं. या गावात इमानाने काम करणाऱ्याला निदान चांगलं पाणी तरी मिळावं.

३० नोव्हेंबर

योग्य. पुन्हा!! फोन केला तर तिकडचा बाबू म्हणतो, “मॅडम, बहुत बढ़िया पानी है आपका, ऐसा तो हमारे यहाँ भी नहीं है.” मग या ना राहायला! जावई करून घेते.

१२ डिसेंबर

शाळेतून चिठ्ठी. सलग गैरहजेरी, म्हणून रविताचं नाव जादा तासातून काढलं. तिने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि चुंबळ डोक्यावर ठेवून निघाली. भांडली असती तर बरं झालं असतं. मी रडले, मग वच्छलावर ओरडले. तिचा काय दोष!

८ जानेवारी २०१३

ग्रामसभा. मी नळाच्या पाण्याचा चहा करून नेला, वर तवंगासकट. विस्तार अधिकाऱ्यांपुढे ठेवला. ते म्हणाले, “मी चहा सोडला.” तिसरा आणि शेवटचा नमुना मंजूर.

१० जानेवारी

बकाराम सकाळीच हजर. पाच मिनिटांत बस होती. डबा मीच भरून दिला, झाकण घट्ट लावून दिलं. “बाई, तुमच्यावानी माणूस नाही गावात,” म्हणाला. ऐकून बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

१८ फेब्रुवारी

योग्य. केशोराव म्हणाले, “योग्य पाण्याच्या गावाले दुसरी योजना कोण देईन बाई?” यादीतून नाव गेलं. परीक्षा पंधरा दिवसांवर. रविता विहिरीच्या काठावर बसून सूत्रं पाठ करते म्हणे.

२१ फेब्रुवारी

तीन पानी तक्रार थेट जिल्हाधिकाऱ्यांना, रजिस्टरने. ‘प्रयोगशाळेतील कर्मचारी नमुना न तपासताच शिक्के मारतात. खोटे अहवाल देणाऱ्यांना निलंबित करावे.’ खाली माझी ठसठशीत सही. आता कळेल!

२७ फेब्रुवारी

तक्रार लागली! आज फेरनमुन्याचा निरोप आला आणि बकाराम डबा घेऊन दारात. म्हटलं चल, आज मी नळावर येते, माझ्यासमोर भर. तो माठाकडेच वळला.

“नळावर कायले जी? तुमच्याच माठातलं नेतो ना दरवेळी.”

मी म्हटलं, ते तर तुला वाटेत प्यायला!

“माह्यासाठी दोन लिटर? साहेब लोक पिऊन पाहतात बाई. त्यायले गावचं खारट पाणी कसं देऊ? पाहुण्याले कोणी देते का? साऱ्या गावात तुमच्याच घरचं गोड.”

तिन्ही वेळा. एकदा गाळून. एकदा झाकण लावून.

रविता आत्ताच दुसरी खेप घेऊन आली. विचारते आहे, “आई, माठात ओतू का?”